मार्शल लॉ म्हणजे नेमकं काय? जमावबंदी, संचारबंदी, आणीबाणी आणि हा, यांत फरक कुठे?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. मी एमपीएससीच्या कंबाईन परीक्षेचा अभ्यास करते, इथल्या एका अभ्यासिकेत बसते. परवाच्या सराव पेपरात प्रश्न होता, "मार्शल लॉसंदर्भात खालीलपैकी कोणते विधान बरोबर आहे?" मी "राष्ट्रपती कलम ३५२ नुसार मार्शल लॉ जाहीर करतात" यावर खूण केली आणि मार्क गेला. उत्तरतालिकेत बरोबर पर्याय दिलाय, "संविधानात मार्शल लॉची व्याख्या केलेली नाही." आता ज्याची व्याख्याच नाही, ते घटनेत आलं कसं? सरांना विचारलं तर म्हणाले, पाठ कर आणि पुढे चल. पण डोक्यातून जात नाहीये.

घरी आबांना विचारलं. आबा माझे आजोबा, वय ८१. ते लगेच म्हणाले, "इंदिराबाईना टाइमले मार्शल लॉच व्हता पोरी. मास्तरले रातले उचली लई गयात, सारं गाव चिडीचूप व्हई गयं." मी म्हटलं आबा, ती आणीबाणी होती. तर म्हणे नाव काहीही ठेव, आम्ही पाहिलंय.

आणखी दोन गोष्टींनी गोंधळ वाढवला. माझी मैत्रीण कोरियन मालिका बघते. २०२४ च्या डिसेंबरात तिकडे एका रात्रीसाठी मार्शल लॉ लागला होता, ते ती अजून सांगते. दुसरं म्हणजे नंदुरबारचा शिरीषकुमार. १९४२ मध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या तेव्हा आपल्याकडे मार्शल लॉ होता का?

मला परीक्षेपुरतं उत्तर नकोय. उद्या असं काही लागलं तर माझ्यासारख्या मुलीचे कुठले हक्क जातात आणि कुठले उरतात, हे समजून घ्यायचंय. कुणी नीट सांगेल का?

केळीबाग (रावेर)

ताई, माझ्या माहितीप्रमाणे १४४ लावली की तोच आपल्याकडचा मार्शल लॉ. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात संचारबंदी लागली तेव्हा कापणीला आलेला माल चार दिवस बागेत अडकला. मजूर बाहेर पडेनात, ट्रकवाला गावाबाहेरूनच परत गेला, घड झाडावर पिकले. विचारायला गेलो तर गेटवरचा पोलीस म्हणाला, कायदा आहे, घरी जा. दाद कुठे मागायची तेच कळलं नाही. जाणकारांनी सांगावं.

पांझराकाठ (धुळे)

मी धुळ्याला वकिली करतो, तीसेक वर्षं झाली. बोरीकाठ ताई, तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे. का, ते पुढे येईलच.

आधी केळीबाग भाऊंचं. भाऊ, नुकसान झालं हे खरं, पण तो मार्शल लॉ नव्हता. ज्याला आपण १४४ म्हणतो ते फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरी सुरक्षा संहितेचं कलम १६३ आलं. त्याखालचा आदेश कलेक्टर, प्रांत किंवा तहसीलदार काढतो, म्हणजे मुलकी अधिकारी. आदेशावर तारीख असते, हद्द असते, कारण असतं. मुदत जास्तीत जास्त दोन महिने, राज्य सरकारने ठरवलं तर आणखी सहा महिने. हा आदेश रद्द करा किंवा बदला असा अर्ज त्याच अधिकाऱ्याकडे करता येतो, आणि नाहीच ऐकलं तर जळगाव-धुळे-नंदुरबारच्या माणसाला औरंगाबाद खंडपीठात जाता येतं. "माझा माल काढायला दोन तास सूट द्या" असा साधा अर्ज तेव्हा तहसीलदाराकडे चालला असता. तुम्हाला तो रस्ता कुणी दाखवला नाही, याचं वाईट वाटतं. पोलिसाने "घरी जा" म्हणण्याऐवजी "तहसीलला जा" म्हटलं असतं तर तुमचे घड वाचले असते.

आता मार्शल लॉ. याला मराठीत सर्रास "लष्करी कायदा" म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. सैनिकांना लागू असतो तो १९५० चा आर्मी ॲक्ट, तोही लष्करी कायदाच. पण मार्शल लॉ म्हणजे सैनिकांसाठीचा कायदा नव्हे. एखाद्या भागात मुलकी कारभार कोसळला, कोर्टं चालेनाशी झाली, की तिथला लष्करी अधिकारी कारभार हातात घेतो आणि सामान्य माणसांवर त्याचा शब्द चालतो. तो काय करू शकतो हे कुठल्या पुस्तकात आधी लिहिलेलं नसतं. परिस्थितीची गरज एवढाच त्याचा आधार. म्हणूनच ताई, तुमच्या सराव पेपरातला तो पर्याय बरोबर आहे. आपल्या घटनेत मार्शल लॉ कोणी लावायचा, कधी, किती दिवस, याबद्दल एक ओळ नाही. कलम ३५२ वेगळं, ती राष्ट्रीय आणीबाणी.

मग घटनेत शब्द येतो कुठे? कलम ३४ मध्ये. आणि तो येतो तो "नंतर"साठी. एखाद्या भागात मार्शल लॉ असताना सुव्यवस्था राखण्यासाठी सरकारी सेवेतल्या किंवा इतर कुठल्याही माणसाने जे केलं, त्याची जबाबदारी त्याच्यावर येऊ नये म्हणून संसद कायदा करू शकते. त्या काळात दिलेल्या शिक्षा आणि केलेल्या जप्त्या संसद कायदेशीर ठरवू शकते. आणि मूलभूत हक्कांच्या भाग तीनशी विसंगत आहे म्हणून तो कायदा पाडता येत नाही. हे कलम मी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाचतो आणि प्रत्येक वेळी अस्वस्थ होतो. हक्क जाणं हे एक. हक्क ज्याने तुडवले त्याला जाब विचारण्याची वाट मागाहून बंद करणं हे त्याहून मोठं.

हे कलम आलं कुठून ते कळायला १९१९ च्या पंजाबात जावं लागेल. १३ एप्रिलला जालियनवाला बाग झाली. दोन दिवसांनी लाहोर आणि अमृतसरला मार्शल लॉ पुकारला. अमृतसरला कूचा कौडियांवाला नावाची अरुंद गल्ली आहे. तिथे एका इंग्रज बाईवर हल्ला झाला होता. डायरने हुकूम काढला की या गल्लीतून जाणाऱ्या हिंदी माणसाने पोटावर सरपटत जायचं. गल्लीतल्या घरांत राहणाऱ्यांना दुसरा रस्ता नव्हता. पाणी, दूध, डॉक्टर, सगळं त्याच गल्लीतून. लाहोरला मार्शल लॉची हुकूमपत्रकं लोकांच्या घरांच्या भिंतींवर चिकटवली, आणि ते पत्रक फाटलं तर शिक्षा घरमालकाला. कॉलेजच्या पोरांना हजेरीसाठी दिवसातून अनेकदा उन्हात मैलोन्‌मैल चालायला लावलं. यातलं एकही कृत्य कुठल्या छापील कायद्यात बसत नव्हतं. बसायची गरजच नव्हती. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सिमल्याला भरलेल्या कायदेमंडळात अधिकाऱ्यांना अभय देणारा इन्डेम्निटी कायदा आला. पंडित मालवीयांनी त्याच्या विरोधात प्रदीर्घ भाषण केलं, तरी तो पास झाला. व्हाइसरॉयच्या मंडळातले शंकरन नायर पंजाबातल्या याच प्रकाराच्या निषेधार्थ आधीच राजीनामा देऊन बाहेर पडले होते. आपल्या कलम ३४ चं मूळ या अशा अभय कायद्यांत आहे.

स्वतंत्र भारतात, घटना लागू झाल्यापासून, मार्शल लॉ एकदाही लागलेला नाही. हे लक्षात ठेवा.

आता आबांचं वाक्य. आबा ८१ वर्षांचे, म्हणजे १९७५ मध्ये तिशीचे. त्यांनी जे पाहिलं त्याला कायद्याच्या पुस्तकात मार्शल लॉ म्हणत नाहीत. पण मी त्यांना चूक म्हणणार नाही, कारण तसाच एक मास्तर माझा बाप होता.

आमचं गाव तुमच्याच तालुक्यात. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. पोळ्याच्या चार दिवस आधीची रात्र. मी आठ वर्षांचा. दार वाजलं, बाहेर एक फौजदार, दोन शिपाई. फौजदार अगदी नरमाईने बोलला, "गुरुजी, सदरा घाला, जरा स्टेशनापर्यंत चला." आईने विचारलं, जेवायला थांबू का? तो म्हणाला, तुम्ही जेवून घ्या वहिनी. वडील परत आले ते १९७७ च्या मार्चमध्ये.

चार दिवसांनी हातात पडला तो मिसाखालचा, म्हणजे अंतर्गत सुरक्षेच्या नावाखाली खटल्याशिवाय डांबता येणाऱ्या कायद्याखालचा, स्थानबद्धतेचा आदेश. अर्धं पान, टंकलेखन केलेली कार्बन प्रत, शाई निळी. त्यात वडिलांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव, आणि सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधा येऊ नये म्हणून यांना स्थानबद्ध करणं आवश्यक आहे अशी एक लांबलचक ओळ. खाली सही, शिक्का. काय केलं, कुठे केलं, कधी केलं, काही नाही. नंतर वकील झाल्यावर कळलं की ते विसरलं नव्हतं. जून १९७५ च्या अखेरीस मिसात दुरुस्ती करून कलम १६-अ घातलं होतं. त्याखालच्या स्थानबद्धाला कारण सांगायची गरजच ठेवली नव्हती.

आईने पाटल्या मोडल्या. तेव्हा औरंगाबाद खंडपीठ नव्हतं, हायकोर्ट म्हणजे मुंबई. जळगावच्या एका वकिलांमार्फत तिथे हेबियस कॉर्पसचा अर्ज गेला. हेबियस कॉर्पस म्हणजे "माणसाला कोर्टापुढे उभा करा आणि कुठल्या कायद्याने डांबलंय ते दाखवा." आशा होती, कारण देशातल्या नऊ हायकोर्टांनी असे अर्ज ऐकता येतात असा निकाल दिला होता. मग २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला. पाच न्यायमूर्ती, चार विरुद्ध एक. आणीबाणीत राष्ट्रपतींनी हक्क बजावण्याची मुभा स्थगित केली असेल, तर अटकेविरुद्ध कुणालाही हायकोर्टात जाता येणार नाही. सुनावणीत न्यायमूर्ती खन्नांनी सरकारी बाजूला विचारलं होतं, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारलं तरी उपाय नाही का? उत्तर आलं, आणीबाणी असेतोवर नाही. एकटे खन्ना विरोधात लिहून गेले. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

मे महिन्यात आई मला घेऊन जळगावला त्या वकिलांकडे गेली. त्यांनी तो कार्बनचा कागद पुन्हा दोनदा वाचला, होता त्याच घड्यांवर घातला आणि आईच्या हातात दिला. म्हणाले, "वहिनी, अर्ज मी अजून दहा लिहीन. पण द्यायचा कुणाला?"

तेवढ्या काळात आमच्या गावात लष्कराचा एकही जवान आला नाही. आठवडी बाजार भरत होता, एसटी येत होती, शाळेची घंटा वेळेवर वाजत होती. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या आकड्यांप्रमाणे देशभरात ३४,९८८ माणसं मिसाखाली आत होती, भारत संरक्षण नियमांखालची आणखी ७५ हजारांवर वेगळी. बंदूक न दाखवता, रीतसर कागदावर. म्हणून ताई, क्लासमध्ये मार्शल लॉ आणि आणीबाणी यांच्या फरकाचा जो तक्ता पाठ करून घेतात, एकात कोर्टं बंद आणि दुसऱ्यात चालू, तो परीक्षेत लिहा, मार्क मिळतील. पण आमच्या घरापुरतं १९७६ मध्ये कोर्ट चालू होतं असं मला म्हणता येत नाही.

शिरीषकुमारबद्दल. ९ सप्टेंबर १९४२, नंदुरबार. तिथे मार्शल लॉ नव्हता. मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार, लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम, शाळकरी वयाची पोरं. ते राज्य नेहमीच्या पोलिसांच्या बळावरच तसं वागत होतं. खानदेशात मार्शल लॉच्या जवळ जाणारं काही शोधायचंच तर मागे सातपुड्यात जावं लागेल. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला खाज्या नाईक आणि भीमा नाईकांच्या भिल्लांशी कंपनीच्या फौजेची लढाई झाली. पकडलेल्या कितीतरी जणांना तिथेच, रणांगणावर लष्करी कोर्ट बसवून गोळ्या घातल्या. ना वकील, ना साक्षीदार.

हक्कांचं उरलेलं संध्याकाळी लिहितो, कोर्टात तारीख आहे.

गिरणाथडी (चाळीसगाव)

रामराम. मी सव्वीस वर्षं फौजेत होतो, हवालदार म्हणून निवृत्त. वकील साहेबांनी लष्करी कायदा आणि मार्शल लॉ वेगळे हे सांगितलं ते बरं केलं. आमच्या गावातही लोक विचारतात, "फौज आली म्हणजे मार्शल लॉ ना?" नाही.

दंगलीत पोलिसांना आवरत नाही तेव्हा मॅजिस्ट्रेट आम्हाला बोलावतो. नव्या संहितेत ते कलम १४९ आहे. जमाव पांगवायचा असं मॅजिस्ट्रेट सांगतो, कसा पांगवायचा ते आमचा अधिकारी ठरवतो, आणि कमीत कमी बळ वापरायचं हे कायद्यातच लिहिलंय. काम झालं की बराकीत परत. सगळा वेळ कारभार कलेक्टरचाच असतो. ध्वजसंचलन बघून बाजारातले लोक शटर ओढतात, पण गावाचा कारभार आमच्या हातात आलेला नसतो.

दुसरं, ईशान्येकडे मी पाच वर्षं होतो, तिथे अफस्पा होता. अशांत जाहीर केलेल्या भागात फौजेला खास अधिकार देणारा १९५८ चा कायदा. तोही मार्शल लॉ नाही, पण अधिकार खूप मोठे. वॉरंट नसताना अटक, झडती, इशारा देऊन गोळीबार. आमच्या खिशात एक छापील कार्ड असायचं, काय करायचं, काय नाही. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्या कार्डावरच्या सूचना पाळणं बंधनकारक आहे. पकडलेला माणूस होता होईल तेवढ्या लवकर जवळच्या पोलीस ठाण्यात द्यायचा. मी स्वतः एका विशीच्या पोराला पावसात सात तास चालवत खाली आणून ठाण्यात दिलंय. पोचपावती घेतली, त्यावर वेळ लिहून घेतली. आमचे सुभेदार म्हणायचे, ती पावती जपून ठेव, उद्या तो पोरगा सापडला नाही तर तीच तुला आणि त्याला दोघांना वाचवेल. पावती नसलेली पोरंही त्या भागात खूप होती. त्यांच्या आया ठाण्याबाहेर बसलेल्या मी पाहिल्यात. यावर अजून बोलवत नाही. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मणिपूरच्या प्रकरणात स्पष्ट केलं की अशांत क्षेत्र असलं म्हणून जवानाला सरसकट माफी नाही. ते योग्य झालं असं माझं मत आहे, काही जुने साथी नाराज झाले तरी.

आणि ताई, कलम ३३ पण वाचा. फौजीचे हक्क संसदेला कमी करता येतात. मला युनियन करता येत नव्हती, पेपरवाल्याशी बोलता येत नव्हतं. मी ते मान्य करून भरती झालो होतो. मार्शल लॉमध्ये भाजी विकणाऱ्या बाईवर तशीच शिस्त येते आणि तिने कुठे सही केलेली नसते.

तापीमाय (शिरपूर)

माझं माहेर सोलापूर, म्हणून लिहिते. वकील साहेबांनी पंजाब सांगितलं, पण महाराष्ट्रातच सोलापूरला मार्शल लॉ लागला होता आणि आमच्याकडे जुनी माणसं "मार्शल लॉचं साल" असंच म्हणायची. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, गिरणगाव पेटलं. ८ मेला गोळीबार झाला. १२ मेपासून शहर लष्कराच्या ताब्यात गेलं ते जूनअखेरपर्यंत. म्युनिसिपालिटीवर एप्रिलमध्ये लोकांनी राष्ट्रध्वज लावला होता, तो ध्वज लावणं हाच गुन्हा झाला. गांधी टोपी डोक्यावर दिसली तरी छळ.

माझी पणजी गिरणीत साचे-खात्यात होती. तिची आठवण आजी सांगायची. पणजोबांच्या सगळ्या टोप्या तिने पाण्याच्या रांजणाखाली पुरल्या, आणि नंतर काढल्या तेव्हा त्या कुजून हाताला लागल्या.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. सोलापूरला त्यांचे पुतळे आहेत, त्या चौकातून मी शाळेत जायचे.

बोरीकाठ (अमळनेर)

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, तुमचं लिहिलेलं आबांना मोठ्याने वाचून दाखवलं. गावाचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, तरी पोळ्याचं ऐकून आबा उठून बसले.

माझा उरलेला प्रश्न तोच. उद्या आणीबाणी लागली तर कलम १९ आणि २१ चं काय होतं? आणि कोरियात त्या रात्री जे झालं ते आपल्याकडे होऊ शकतं का?

पांझराकाठ (धुळे)

ताई, आता उरलेलं.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तीन गोष्टी बदलल्या. पहिली, कलम ३५२ मध्ये "अंतर्गत अशांतता" हे कारण होतं, १९७५ ला तेच वापरलं. ते काढून "सशस्त्र बंड" घातलं. दुसरी, कलम १९ म्हणजे बोलणं, जमणं, फिरणं, संघटना. हे आता फक्त युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या आणीबाणीत आपोआप स्थगित होतं, सशस्त्र बंडाच्या आणीबाणीत नाही. तिसरी सगळ्यांत मोलाची. कलम ३५९ खाली राष्ट्रपती इतर हक्कांसाठी कोर्टात जाण्याची मुभा थांबवू शकतात, पण कलम २० आणि २१ ची नाही. म्हणजे जीव आणि स्वातंत्र्य यांसाठी हायकोर्टाचं दार आणीबाणीतही उघडं राहील. जबलपूरचा निकाल पुढे २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठात चुकीचा ठरवून रद्द झाला. १९७६ च्या बहुमतातल्या न्यायमूर्तींपैकी एकाच्या मुलानेच तसं लिहिलं. माझे वडील तेव्हा हयात नव्हते. आई होती. मी तिला निकालाचा तो भाग मराठीत सांगितला. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे तो अर्ज बरोबर होता ना?" मी हो म्हणालो.

एक त्रुटी मात्र सांगायलाच हवी. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने आणीबाणीला कुंपण घातलं, कलम ३४ ला हात लावला नाही. मार्शल लॉ लागला म्हणून हेबियस कॉर्पस आपोआप बंद होत नाही, असं आपल्याकडे मानलं जातं. पण तो किती दिवस, संसदेने किती तासांत मंजुरी द्यायची, हे लिहिलेलं नाही. फिलिपिन्समध्ये मार्कोसने १९७२ ला मार्शल लॉ लावला, तो कागदोपत्री उठला १९८१ मध्ये. त्या अनुभवानंतर त्यांनी १९८७ च्या घटनेत सरळ लिहून टाकलं की काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, मुदत वाढवल्याशिवाय मार्शल लॉ साठ दिवसांपेक्षा जास्त नाही, अठ्ठेचाळीस तासांत तिला कळवायचं, आणि मार्शल लॉमुळे घटना स्थगित होत नाही. आपल्याकडेही तसं लिहिलेलं असावं, असं माझं ठाम मत आहे. "कधी लागलाच नाही, मग कशाला" हे उत्तर मला पुरत नाही. १९७५ च्या आधी देशांतर्गत कारणासाठीची आणीबाणीही कधी लागली नव्हती.

कोरियाचं म्हणाल तर तिकडच्या घटनेत कलम ७७ आहे. राष्ट्राध्यक्ष मार्शल लॉ लावू शकतो, पण संसदेने बहुमताने सांगितलं की त्याला तो उठवावाच लागतो. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास यून सुक योल यांनी तो जाहीर केला. फर्मानात राजकीय हालचाली बंद, संसदेचं कामकाज बंद, प्रसारमाध्यमं लष्कराच्या ताब्यात, वॉरंटशिवाय अटक, आणि संपावरच्या डॉक्टरांनी ४८ तासांत कामावर यावं असंही होतं. फौज संसदेत शिरली. खासदार काही कुंपणावरून चढून आत गेले, आणि मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास १९० विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला. पहाटे साडेचारच्या सुमारास मार्शल लॉ उठला. पुढे ४ एप्रिल २०२५ ला तिथल्या घटना न्यायालयाने यून यांना एकमताने पदावरून दूर केलं. तुमच्या मैत्रिणीला सांगा, मला त्यात सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते हे की एक वाजता मत देण्यासाठी खासदारांना बसायला सभागृह होतं आणि त्यांच्या मताला काय किंमत आहे ते घटनेत आधीच लिहून ठेवलेलं होतं.

तुमच्या हक्कांचं थोडक्यात विचारलंत तर अटक होईल त्या दिवशी तीन गोष्टी मागा. कुठल्या कायद्याखाली, कुणाच्या सहीने, आणि चोवीस तासांत कुठल्या मॅजिस्ट्रेटपुढे. प्रतिबंधक स्थानबद्धता असेल तर मॅजिस्ट्रेटची अट लागू नसते, पण कारणं लेखी द्यावी लागतात आणि तीन महिन्यांच्या पुढे सल्लागार मंडळाच्या संमतीशिवाय ठेवता येत नाही. गिरणाथडी साहेबांनी सांगितलेली ती पोचपावती, वेळ लिहिलेली, तीसुद्धा मागा.

आणि आबांना माझा नमस्कार सांगा. पोळ्याचं ऐकून ते उठून बसले म्हणता, म्हणजे ते आमच्या गावचे किंवा शेजारच्या शिवारातले असणार. तो कार्बनचा कागद माझ्याकडे आहे. घडीवर विरलाय, म्हणून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलाय. रविवारी मी अमळनेरला येतोय. आबांना बघायचा असेल तर कळवा, घेऊन येईन.

बोरीकाठ (अमळनेर)

आबा हो म्हणाले सर. विचारतात, मास्तरांच्या शाळेच्या पडवीत तेव्हा जे निंबाचं झाड होतं, ते अजून आहे का.